लहान समुद्री कवचधारी प्राण्यांची जात शरीररचनेवरून कशी ओळखावी: कोल्हापुरातील नवोदितांसाठी

कोल्हापूर सह्याद्रीच्या अलीकडे आहे, समुद्र पलीकडे. तरीही येथील महाविद्यालयांतून आणि शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्र शिकणारे अनेक विद्यार्थी आंबा घाट किंवा गगनबावडा उतरून रत्नागिरी, देवगड, विजयदुर्ग, मालवण या बाजूला जातात आणि प्रकल्पासाठी बाटल्या भरून नमुने आणतात. अडचण परतल्यावर सुरू होते. बाटलीतले चमचाभर पाणी पेट्री डिशमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले की असंख्य बारीक कवचधारी प्राणी, म्हणजे कोलंबी-खेकड्यांचे भाईबंद, दिसतात. प्रत्येकाला भरपूर पाय, प्रत्येकाला शृंगिका (डोक्यावरच्या मिशांसारख्या स्पर्शिका), आणि पुस्तकातल्या चित्राशी हुबेहूब जुळणारा मात्र एकही नाही. अशा वेळी बहुतेक नवोदित चित्रांची पाने उलटत बसतात आणि त्यातल्या त्यात जवळचे वाटणारे चित्र सापडले की त्याखालचे नाव वहीत उतरवून घेतात. या पद्धतीने नाव मिळते, ओळख पटत नाही.

कवचधारी प्राण्यांची ओळख रंगावर आणि आकारमानावर जवळजवळ कधीच ठरत नाही. फॉर्मलीनमध्ये वा अल्कोहोलमध्ये रंग उडून जातो, आणि लांबी वय, लिंग, ऋतू व अन्नाप्रमाणे बदलते. शरीराचे खंड किती, कोणत्या खंडाला कोणते उपांग (पाय, शृंगिका यांसारखा जोडलेला अवयव), त्या उपांगाला पेरे किती आणि प्रत्येक पेरावर काटे व रोम किती, यांवर ती ठरते. म्हणजे हे काम बरेचसे मोजण्याचे आहे, आणि मोजण्याला एक क्रम आहे. आधी गट, मग प्राणी पूर्ण वाढलेला आहे की नाही, मग नर की मादी, मग निर्णायक उपांग आणि सर्वांत शेवटी जातीचे नाव. हा क्रम मोडला की पुढचे सगळे श्रम वाया जातात, म्हणून पुढील मांडणीही त्याच क्रमाने केली आहे.

किनाऱ्यावर जाण्याआधी: कोल्हापुरातला सराव

पहिला नमुना किनाऱ्यावरून आणण्याची गरज नाही. सुक्या मासळीच्या बाजारात पाटीत रचलेला जवळा हा सरावासाठी सर्वांत स्वस्त आणि, माझ्या मते, सर्वांत चांगला प्राणी आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळ्यात मुख्यतः अॅसेटिस या जीनसमधील, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहातील, प्राणी असतात आणि त्यातली सर्वपरिचित जाती म्हणजे अॅसेटिस इंडिकस. या जातीचे वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी 1830 मध्ये केले.

मूठभर जवळा घेऊन त्यातले अखंड दिसणारे दहा-पंधरा प्राणी निवडावेत. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून त्यात ते काही तास भिजत ठेवावेत. मीठ लावलेला जवळा असेल, तर पाणी दोनदा बदलावे. प्राणी लवचिक झाला की त्याला पेट्री डिशमध्ये कुशीवर ठेवून छातीखालचे पाय डोक्याकडून शेपटीकडे मोजत जावे. कोलंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. येथे तीनच सापडतील, आणि प्रत्येकाच्या टोकाला अगदी बारीक नांगी असेल. चौथी आणि पाचवी जोडी या जीनसमध्ये नसतेच.

पण सुका जवळा ठिसूळ असतो, तेव्हा पाय तुटलेले आहेत की मुळातच नाहीत, हा प्रश्न लगेच उभा राहतो. तुटलेला पाय आपले बुडाचे पेर किंवा निदान तुटल्याची कड मागे ठेवतो. नसलेला पाय काहीच ठेवत नाही. म्हणून प्राणी उताणा करून छातीची खालची बाजू नीट पाहावी. नरात तिसऱ्या पायांच्या मागे जननेंद्रियाशी संबंधित दोन लहान उंचवटे दिसतात, त्यांना तुटलेल्या पायाचे खुंट समजू नये. एका प्राण्यावर विसंबून न राहता पाच-सहा प्राणी तपासले की शंका उरत नाही. ताज्या प्राण्याच्या पुच्छपंख्यावर लाल ठिपके असतात, पण ते वाळल्यावर राहतीलच असे नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर बसू नये. अॅसेटिसच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायच्या, तर नराच्या पहिल्या शृंगिकेच्या खालच्या शाखेवरचे पकडीचे काटे, नराच्या पहिल्या पोहण्याच्या पायावरचा पेटॅस्मा हा जननअवयव आणि मादीच्या जननभागाची ठेवण, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

त्याच मुठीत अनेकदा दुसऱ्या जातीच्या बारीक कोलंब्याही मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या काढण्यासाठी उदराच्या दुसऱ्या खंडाची बाजूची पट्टी पाहावी. ती पुढच्या पहिल्या आणि मागच्या तिसऱ्या, अशा दोन्ही खंडांच्या पट्ट्यांवर चढलेली असेल, तर तो प्राणी कॅरिडिया गटातला. पहिल्या खंडाची पट्टी दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर, अशी कौले रचावीत तशी रचना असेल, तर तो पिनीइड कोलंब्यांच्या किंवा जवळ्याच्या बाजूचा. पिनीइड कोलंबीत पहिल्या तीनही पायांना नांग्या असतात, कॅरिडियात तिसऱ्या पायाला नांगी नसते. पोटाखाली अंड्यांचा गुच्छ धरलेली मादी सापडली तर ती कॅरिडियाची, कारण पिनीइड कोलंब्या अंडी थेट पाण्यात सोडतात. एवढे फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की उपांगावरून ओळखणे म्हणजे काय, हे पक्के कळते.

आणखी दोन प्राणी गावातच मिळतात. बागेतली कुंडी उचलली की खालच्या ओलाव्यात सापडणारा, करड्या रंगाचा, हात लावताच गोळी होणारा बहुपाद प्राणी हा कीटक नसून जमिनीवर आलेला आयसोपॉड आहे. समुद्री आयसोपॉडचे सात जोड पाय आणि चपटे शरीर त्याच्यातच शिकून घ्यावे. रंकाळा किंवा कळंबा तलावाच्या काठचे पाणी बारीक कापडातून गाळले, तर सायक्लॉप्सच्या गटातले कोपेपोड, म्हणजे पाण्यातले अगदी बारीक कवचधारी प्राणी, बहुधा मिळतात. ते गोड्या पाण्यातले असले तरी शरीराचा आराखडा समुद्री भाईबंदांचाच आहे, आणि हात बसेपर्यंत पंचवीस-तीस प्राणी बिघडले तरी हळहळ वाटत नाही.

साहित्य आणि जतन

दोन सूक्ष्मदर्शक लागतात: 10 ते 40 पट मोठे दाखवणारा स्टिरिओ आणि 100 ते 400 पटींचा संयुक्त. त्याखेरीज टोकदार बारीक चिमटे, काचपट्ट्या, खळगा असलेल्या काचपट्ट्या, आच्छादन काचा, ग्लिसरीन, लॅक्टिक आम्ल आणि सुया. बाजारात मिळणाऱ्या विच्छेदनाच्या सुया कोपेपोडसाठी फारच जाड असतात. कीटक टाचण्याच्या सर्वांत बारीक टाचण्या काडीच्या टोकाला चिकटवून केलेल्या सुया त्यांच्याहून कितीतरी चांगल्या चालतात.

प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांसाठी, सुमारे 200 मायक्रॉन छिद्रांची जाळी सर्वत्र वापरली जाते. वाळूतले बारीक प्राणी हवे असतील तर 63 मायक्रॉनची चाळणी लागते. शैवालावरचे अॅम्फिपॉड (बाजूंनी दाबल्यासारखे दिसणारे बारीक कवचधारी प्राणी) मिळवण्यासाठी शैवालाचा झुबका बादलीत गोड्या पाण्यात बुडवून हलवावा. खारटपणा एकदम घटला की प्राणी पकड सोडतात आणि तळाशी जमतात. किनाऱ्यावरून काहीही उचलण्यापूर्वी त्या जागेचे नियम विचारावेत. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले असून तेथे परवानगीशिवाय नमुने गोळा करता येत नाहीत.

बाजारातले फॉर्मलीन साधारण 37 ते 40 टक्के फॉर्माल्डिहाइडचे असते. त्याचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग घेतले की नेहमीचे 4 टक्क्यांच्या आसपासचे द्रावण होते. त्यात चिमूटभर बोरॅक्स टाकावे, कारण आम्लयुक्त फॉर्मलीन कवचातला चुना विरघळवते आणि काही महिन्यांनी प्राणी लिबलिबीत होतो. फॉर्मलीन विषारी आहे. हातमोजे घालावेत, खोली हवेशीर असावी, आणि प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली घेण्यापूर्वी पाण्याने नीट धुवावेत. दीर्घकाळासाठी 70 टक्के अल्कोहोल चांगले. त्यात ग्लिसरीनचे काही थेंब टाकले तर झाकणातून अल्कोहोल उडून गेले तरी नमुना खडखडीत वाळत नाही. पुढे डीएनए तपासायचा विचार असेल तर त्या बाटलीला फॉर्मलीन लावूच नये, थेट 95 टक्के अल्कोहोल वापरावे.

चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी आणि ती पेन्सिलीने लिहावी, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये फुटते. तीवर ठिकाण, तारीख, भरती-ओहोटीची वेळ, खोली, पाण्याची क्षारता आणि प्राणी कशावर होता हे असावे. खाडीतला नमुना आणि उघड्या किनाऱ्यावरचा नमुना यांत भेटणाऱ्या जाती बऱ्याच वेगळ्या असतात, आणि चिठ्ठी नसेल तर हा धागाच हातून सुटतो.

पहिली पायरी: गट ठरवणे

प्राणी स्टिरिओखाली ठेवून तीन प्रश्न विचारावेत. पाठीवर अखंड पाठकवच आहे का? शरीर वरून दाबल्यासारखे चपटे आहे, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे आहे, की गोल? पायांच्या जोड्या किती आणि त्या एकमेकींसारख्या आहेत का?

पाठकवच नाही, डोळ्यांना देठ नाही, छातीला सात जोड पाय आणि शरीर बाजूंनी दाबलेले असेल, तर तो अॅम्फिपॉड. हा प्राणी डिशमध्ये हमखास कुशीवर पडतो; तेवढ्यावरूनही अंदाज येतो. त्याच लक्षणांसह शरीर वरून चपटे असेल आणि प्राणी पोटावर बसत असेल, तर आयसोपॉड. शैवालावर काडीसारखा उभा राहणारा, पोटाचा भाग जवळपास नाहीसा झालेला आणि छातीच्या तिसऱ्या-चौथ्या खंडाला कल्ल्यांच्या पिशव्या लोंबणारा प्राणी कॅप्रेला आणि त्याच्या नातलगांपैकी असतो; दिसायला कितीही निराळा असला तरी तोही अॅम्फिपॉडच.

पुढचा भाग फुगीर कवचाने झाकलेला, मागचा भाग एकदम बारीक आणि टोकाला दुभंगलेल्या दोन काड्या असतील, तर क्युमेशिया. कवच लहान, फक्त पहिले दोन छातीखंड झाकणारे आणि पायांच्या पहिल्या मोठ्या जोडीला नांगी असेल, तर टॅनाइड. लहान कोलंबीसारखा दिसणारा, डोळ्यांना देठ असलेला, पण पुच्छपंख्याच्या आतल्या पाकळ्यांच्या बुडाशी चकाकणारा गोल मणी असलेला प्राणी मायसिड. तो मणी म्हणजे तोल सांभाळणारे इंद्रिय. दोन झडपांच्या कवचात पूर्ण बंद असेल तर ऑस्ट्रॅकॉड. शरीर लांब, डोके सुईसारखे पुढे ताणलेले आणि जवळजवळ पारदर्शक असेल, तर ल्युसिफर.

प्लवकांच्या बाटलीत सर्वाधिक संख्या मात्र कोपेपोडची असते. त्यांना पाठीवर मोठी ढाल नसते, बहुतेकांना डोक्याच्या मध्यावर एकच साधा डोळा असतो, आणि शरीराचे पुढचा रुंद व मागचा अरुंद असे दोन भाग पडतात. त्यांच्याबरोबर खेकड्यांचे लांब काटेवाले झोइया डिंभ (डिंभ म्हणजे प्रौढाहून वेगळी दिसणारी पिल्लावस्था) आणि बार्नॅकलचे कपाळावर दोन शिंगे असलेले डिंभ येतात. ते सुरुवातीला बाजूला काढून ठेवावेत, कारण डिंभांवरून जाती ठरवणे हा स्वतंत्र अभ्यास आहे.

दुसरी पायरी: वाढ आणि लिंग

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते आणि सर्वांत जास्त चुका येथूनच जन्मतात. ओळख-किल्ल्या, म्हणजे लक्षणांचे दोन-दोन पर्याय देत नावापर्यंत नेणारे तक्ते, जवळजवळ नेहमी पूर्ण वाढलेल्या प्राण्यांसाठी, आणि पुष्कळदा फक्त नरांसाठी लिहिलेल्या असतात. अर्धवट वाढलेला प्राणी किल्लीत घातला की किल्ली उत्तर देतेच, फक्त ते चुकीचे असते.

कॅलॅनॉइड कोपेपोडच्या वाढीत नॉप्लियस या सुरुवातीच्या डिंभाच्या सहा आणि त्यानंतर कोपेपोडिड या पुढच्या वाढीच्या सहा अवस्था असतात, आणि त्या शेवटच्या सहांतली अखेरची अवस्था म्हणजेच प्रौढ. नराच्या मागच्या भागात सहसा पाच खंड असतात. मादीत जननखंड आणि त्यामागचा खंड एकजीव होत असल्याने ते चार किंवा त्याहून कमी भरतात. पाचव्या कोपेपोडिड अवस्थेतल्या मादीतही चार खंड दिसू शकतात, म्हणून केवळ मोजणीवर थांबू नये. प्रौढ मादीचा जननखंड फुगीर असतो आणि त्याच्या खालच्या बाजूला जननरंध्राची जागा स्पष्ट दिसते. अंड्यांची पिशवी किंवा नराने चिकटवलेली शुक्राणूंची कुपी दिसली तर प्रश्नच मिटतो.

आयसोपॉड, टॅनाइड आणि क्युमेशिया यांची पिल्ले आईच्या छातीखालच्या पिशवीतून बाहेर पडतात, तेव्हा त्यांना पायांची शेवटची जोडी नसते. सहा जोड पायांचा आयसोपॉड सापडला म्हणून नवीन जाती सापडल्याचा आनंद मानण्यापूर्वी हे आठवावे. अॅम्फिपॉडची पिल्ले मात्र सातही जोड्या घेऊनच बाहेर येतात. प्रौढ मादी ओळखण्याची खूण या सर्वांत सारखी आहे: पायांच्या बुडाशी आतल्या बाजूला पातळ पानांसारख्या पट्ट्या, ज्यांची मिळून पिल्लांची पिशवी बनते. प्रौढ आयसोपॉड नराच्या दुसऱ्या पोहण्याच्या पायाच्या आतल्या कडेला एक काडीसारखा उपांगभाग असतो. त्याची लांबी आणि टोकाचा आकार अनेक कुलांत जाती ठरवताना कामी येतो.

तिसरी पायरी: कोपेपोड जवळून

आधी गण ठरवावा, आणि त्यासाठी शरीर कोठे वाकते ते पाहावे. पुढचा रुंद भाग आणि मागचा अरुंद भाग यांमधला सांधा पाचव्या पायांच्या खंडामागे असेल, तर कॅलॅनॉइड. तो चौथ्या आणि पाचव्या पायांच्या खंडांमध्ये असेल, तर सायक्लोपॉइड किंवा हार्पॅक्टिकॉइड. कॅलॅनॉइडची पहिली शृंगिका लांब, बहुधा वीसहून अधिक पेरांची असते आणि अनेकदा शरीराच्या मागच्या टोकापर्यंत पोचते. सायक्लोपॉइडची मध्यम, तर हार्पॅक्टिकॉइडची अगदी आखूड असते आणि त्याचे शरीर मागे निमुळते होत जाते. सायक्लोपॉइड मादी अंड्यांच्या दोन पिशव्या बाळगते. हार्पॅक्टिकॉइडला सहसा एकच असते. नरांत पकडीसाठी गुडघ्यासारखी वाकणारी शृंगिका अनेक कॅलॅनॉइडांत एकाच बाजूला, बहुधा उजवीकडे, आणि सायक्लोपॉइडांत दोन्ही बाजूंना असते.

काही जीनस विच्छेदन न करताही कळतात. समोर दोन मोठी भिंगे चमकत असतील तर कोरिसियस आणि त्याचे नातलग. पुढचे टोक अणकुचीदार असलेला तरंगता हार्पॅक्टिकॉइड म्हणजे युटर्पिना अॅक्युटिफ्रॉन्स. शेपटीच्या दोन शाखा रुंदीच्या कितीतरी पट लांब असतील आणि पुढचा भाग रुंद, आखूड असेल, तर टेमोरा. भारतीय किनाऱ्यांवर मिळणाऱ्या टेमोराच्या दोन जातींतला फरक नवोदिताला उत्तम धडा देतो. टेमोरा टर्बिनाटामध्ये रुंद भागाचे मागचे कोपरे गोलसर असतात, टेमोरा डिस्कॉडाटामध्ये ते टोकदार काट्यांत संपतात आणि मादीच्या शेपटीच्या दोन शाखा एकसारख्या नसतात. हे कोपरे पाहण्यासाठी प्राणी बरोबर पालथा ठेवावा लागतो. किंचित तिरपा राहिला की टोकदार कोपराही गोल भासतो. खळग्याच्या काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात प्राणी ठेवून, आच्छादन काच सुईने हलकेच सरकवली की तो हवा तसा वळवता येतो.

इतर बहुतेक कॅलॅनॉइडांसाठी पाचव्या पायाला पर्याय नाही. काम असे करावे. प्राणी थोडा वेळ लॅक्टिक आम्लात ठेवावा. आतला मऊ भाग पारदर्शक होतो आणि कवच स्पष्ट दिसू लागते. मग काचपट्टीवर ग्लिसरीनच्या अगदी लहान थेंबात त्याला कुशीवर घ्यावे. थेंब मोठा झाला तर प्राणी सुईपुढे तरंगत पळतो. एका सुईने रुंद भाग दाबून धरावा आणि दुसरी सुई रुंद व अरुंद भागांच्या सांध्यात घालून अरुंद भाग वेगळा करावा. त्यानंतर रुंद भागाच्या शेवटच्या खंडाखाली सुई घालून तो खंड पायांसकट तोडून घ्यावा. पायच ओढून काढण्याचा मोह आवरावा, कारण ओढले की बुडाची पेरे मागे राहतात आणि नेमकी तीच मोजायची असतात. काच टाकण्यापूर्वी थेंबाच्या कडेला फुटक्या आच्छादन काचेचे दोन-तीन बारीक तुकडे ठेवावेत, म्हणजे पाय चिरडत नाही.

नराचा पाचवा पाय पुष्कळदा डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा अशा आकाराचा असतो, त्यामुळे डावे-उजवे बिनचूक लिहिणे अत्यावश्यक आहे. येथे दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते. साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक प्रतिमा अर्ध्या फेऱ्याने फिरवून दाखवतो. पट्टी तेवढीच फिरवली की ती सुलट होते. परंतु पायांची जोडी पट्टीवरच उलटी पडली असेल, म्हणजे मागची बाजू वर येण्याऐवजी पुढची बाजू वर आली असेल, तर डावे-उजवे खरोखर बदलते आणि पट्टी कितीही फिरवली तरी ते सुधारत नाही. उपाय एकच: तोडण्यापूर्वी अखंड प्राण्यावर कोणता पाय मोठा आहे ते पाहून वहीत लिहून ठेवणे.

पहिल्या चार पोहण्याच्या पायांसाठी काटे आणि रोम यांचे सूत्र लिहिण्याची रीत आहे. प्रत्येक पेराची बाहेरची कड आधी, मग टोक, मग आतली कड, या क्रमाने मोजावे. काट्यांसाठी रोमन अंक आणि रोमांसाठी साधे अंक वापरावेत. काटा ताठ आणि जाड असतो, रोम लवचिक आणि बहुधा पिसासारखा. तुटलेल्या रोमाची बुडाची खाच राहते, ती मोजणीत धरावी. आयथोनासारख्या लहान सायक्लोपॉइडांत पाचवा पाय जवळपास रोमांपुरताच उरलेला असतो, तेथे ही सूत्रेच बराचसा निकाल लावतात.

चौथी पायरी: अॅम्फिपॉड आणि आयसोपॉड

अॅम्फिपॉडमध्ये पायांच्या पहिल्या दोन जोड्या पकडीच्या असतात. त्यांना नॅथोपॉड म्हणतात. तेथून सुरुवात करण्याची इच्छा सर्वांनाच होते, कारण त्या ठसठशीत दिसतात. पण कुल ठरवण्यासाठी मी आधी शेपटीकडे पाहण्याचा सल्ला देईन. तिसऱ्या युरोपॉडला (युरोपॉड म्हणजे शेपटीच्या टोकाजवळचे उपांग) एक शाखा आहे की दोन, आणि टेल्सन, म्हणजे शेवटचा मधला तुकडा, अखंड आहे की चिरलेला, पातळ आहे की मांसल, हे पाहिले की निम्मी किल्ली मागे पडते. वाळूवर उड्या मारणाऱ्या टॅलिट्रिडांच्या तिसऱ्या युरोपॉडला एकच शाखा असते आणि त्यांची पहिली शृंगिका दुसरीपेक्षा बरीच आखूड असते. शैवालावर सर्रास मिळणाऱ्या अँपिथोईच्या तिसऱ्या युरोपॉडच्या बाहेरच्या शाखेवर वाकलेले दोन आकडे असतात. 100 पटींखाली ते पाहिले की पुन्हा विसरत नाहीत.

यानंतर पहिल्या शृंगिकेच्या तिसऱ्या पेराच्या टोकाशी, आतल्या बाजूला, एक छोटी जोडशाखा आहे का ते शोधावे. ती कधी चार-पाच पेरांची, तर कधी एकाच इवल्या पेराची असते आणि मुख्य शाखेच्या आड लपते. शृंगिका सुईने वळवून दोन्ही बाजूंनी पाहिल्याखेरीज ‘नाही’ असे लिहू नये. सर्वांत शेवटी नॅथोपॉड: पंजाच्या पेराची कड सरळ, तिरकी की खोलगट, तीवर दात किती आणि ते कोठे. नराचा दुसरा नॅथोपॉड अनेक जातींत मोठा आणि निर्णायक असतो, मात्र तो वयाप्रमाणे आकार बदलतो, म्हणून सर्वांत मोठा नर निवडावा.

आयसोपॉडमध्ये पोटाचे खंड सुटे आहेत की एकजीव, आणि युरोपॉड कोठे व कसे जोडलेले आहेत, हे आधी पाहावे. खडकांवर सुळकन पळणाऱ्या लिजियाचे युरोपॉड लांब, दोन शाखांचे आणि मागे उघडे पडलेले असतात. गोळी होणाऱ्या स्फिरोमॅटिडांत आतली शाखा शेपटीच्या ढालीशी जुळून गेलेली असते आणि बाहेरचीच काय ती हलते. कांदळवनाची मुळे आणि लाकूड पोखरणाऱ्या स्फिरोमा टेरेब्रन्समध्ये त्या बाहेरच्या शाखेच्या कडेला ठळक दात असतात. दातांची संख्या आणि ढालीवरचे उंचवटे एकत्र पाहावेत. बाजारातून आणलेल्या माशाच्या तोंडात किंवा कल्ल्यांत आकड्यासारख्या नख्यांनी चिकटलेला आयसोपॉड मिळाला, तर तो बहुधा सायमोथोइडी कुलातला. हे प्राणी आधी नर असतात आणि नंतर मादी होतात, त्यामुळे एकाच माशावर सापडलेले लहान-मोठे दोन प्राणी वेगळ्या जातींचे समजू नयेत. कोळिणीकडे मासा कापून घेताना तोंड उघडून पाहण्याची सवय लावून घेतली, तर कोल्हापुरात बसूनही असे नमुने मिळू शकतात.

चित्र, किल्ली आणि नाव

मोबाइलने सूक्ष्मदर्शकातून काढलेले छायाचित्र आठवणीसाठी ठीक आहे, पण त्यात एका वेळी एकच पातळी स्पष्ट येते. चित्र काढताना मात्र प्रत्येक काट्यापाशी थांबावे लागते आणि न मोजलेले आपोआप उघडे पडते. हात चांगला नसला तरी चालेल. रेषा स्वच्छ, छटा न देता काढलेली आणि बाजूला मापपट्टी असलेली असावी. मापासाठी नेत्रिकेतली पट्टी प्रत्येक भिंगासाठी प्रमाण काचपट्टीवर एकदा ताडून घ्यावी. कोपेपोडची लांबी कपाळापासून शेपटीच्या शाखांच्या टोकापर्यंत धरतात. शेपटीचे रोम तीत मोजत नाहीत.

किल्लीतले दोन्ही पर्याय शेवटपर्यंत वाचावेत, पहिला जुळला म्हणून दुसरा सोडू नये. किल्ली कोणत्या समुद्रासाठी लिहिली आहे हेही पाहावे. युरोपीय किनाऱ्यांच्या किल्ल्या चित्रांच्या दृष्टीने देखण्या असतात, परंतु अरबी समुद्रातला प्राणी त्यांत घातला तर तो तेथल्याच एखाद्या जातीच्या दारात जाऊन थांबतो. किल्लीने नाव दिले की त्या जातीचे मूळ वा सविस्तर वर्णन काढून प्रत्येक लक्षण पुन्हा ताडावे, आणि ते नाव आज ग्राह्य आहे का हे समुद्री जातींच्या जागतिक नोंदवहीत, म्हणजे ‘वर्म्स’च्या संकेतस्थळावर, पाहावे. जुन्या भारतीय निबंधांतला ल्युसिफर हॅन्सेनी आता बेल्झेबब या जीनसमध्ये गेलेला आहे. असे बदल ठाऊक नसले तर एकच प्राणी यादीत दोनदा येतो.

जेथे लक्षणे जीनसपर्यंतच पोचतात तेथे जीनसचे नाव लिहून पुढे ‘एस.पी.’ (sp., म्हणजे जाती ठरलेली नाही) लिहावे. जातीच्या वर्णनाशी बरेच जुळते पण एखादे लक्षण पटत नाही, तेथे जीनस आणि जाती या दोन नावांमध्ये ‘सी.एफ.’ (cf., म्हणजे ‘ताडून पाहा’) लिहून न पटलेले लक्षण टिपणात नोंदवावे. प्रबंधात जातींची लांब यादी शोभून दिसते हे खरे, पण परीक्षकाने एखादी काचपट्टी मागितली की अशा यादीतली अर्धी नावे गळून पडताना पाहणे सुखाचे नसते. म्हणून यादीतल्या प्रत्येक जातीचा निदान एक नर आणि एक मादी चिठ्ठीसह वेगळ्या कुपीत ठेवावी, विच्छेदन केलेल्या भागांच्या पट्टीवर त्याच कुपीचा क्रमांक टाकावा, आणि प्रकल्प संपल्यावर हे सर्व विभागाच्या संग्रहात जमा करून त्याची नोंद संग्रहाच्या वहीत करून घ्यावी.